नुसते ‘लिम्फोमा’ म्हणून भागत नाही

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातल्या सर्व नोंदणी केंद्रांमध्ये कर्करोगाचा सर्वांत कमी दर उस्मानाबाद-बीड या केंद्राचा होता. वयोमान जमेस धरून काढलेला हा दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४ होता. ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा हाच आकडा २६९.४ होता. एवढ्या तफावतीत तंबाखू, आहार, राहणीमान यांचा वाटा असणारच. पण जो आजार तपासलाच गेला नाही, तो नोंदीत येत नाही हेही खरे. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, हा धोका जास्त. मानेत किंवा काखेत गाठ, अंगात कसर, रात्री दरदरून घाम, उतरलेले वजन ही लक्षणे क्षयातही दिसतात. क्षय आपल्या ओळखीचा, म्हणून कधीकधी गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात.

पुढे तुकडा तपासला आणि ‘लिम्फोमा’ असा रिपोर्ट आला, तरी अर्धेच कळले. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २००० मध्ये २,७७३ भारतीय लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे एक तृतीयांश गाठी मोठ्या बी-पेशींच्या विखुरलेल्या (डिफ्यूज) प्रकारातल्या होत्या. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये अॅश अलिझादे, लुई स्टाउट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या प्रकारात दोन वेगळे आजार दडलेले आहेत. पेशींतली कोणती जनुके जागी आहेत हे मोजल्यावर गट पडले आणि एका गटातले ७६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, दुसऱ्यातले अवघे १६ टक्के. रिटुक्सिमॅब हे औषध सर्रास मिळू लागण्यापूर्वीचे हे आकडे आहेत, आज दोन्ही गटांची स्थिती सुधारली आहे. पण एकाच नावाखाली दोन भिन्न आजार असतात, हे तेव्हा पक्के झाले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी जनुकांतले बिघाड तपासून याच गाठींचे आणखी पोटप्रकार पाडले.

यावर कर्करोगतज्ज्ञच एक रास्त आक्षेप घेतात: पोटप्रकार कळून उपयोग काय, बहुतेकांना शेवटी ‘आर-चॉप’ हीच केमो द्यायची ना? बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे. पण बर्किट लिम्फोमाला ती केमो पुरत नाही, आणि मिक व बीसीएल-२ ही दोन्ही जनुके जागा सोडून भलत्याच ठिकाणी जोडली गेली असतील, तर अनेक तज्ज्ञ अधिक तीव्र उपचार निवडतात. हा बिघाड ‘फिश’ चाचणीत दिसतो, त्यासाठी अख्खा जनुकसंच वाचावा लागत नाही. शांघायच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये १२८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. जनुकीय प्रकार पाहून आर-चॉपला एकेक जादा औषध जोडले, तेव्हा ८८ टक्के रुग्णांत आजार पूर्ण मावळला, नुसत्या आर-चॉपने ६६ टक्के रुग्णांत. प्रयोग लहान आहे, त्यावरून सरसकट धोरण ठरवता येणार नाही. पण वाटचाल कुठल्या दिशेला आहे, हे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. जिथे साध्या बायोप्सीची वानवा, तिथे जनुकांच्या गप्पा कशाला? माझे म्हणणे असे की, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. सुईने ओढलेल्या चार पेशींवर लिम्फोमाचा प्रकार भरवशाने ठरत नाही, शक्य तिथे अख्खी गाठ काढावी लागते. ती लगेच कापून, गाठीच्या दसपट तरी आणि आम्लता संतुलित केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी लागते. छोट्या बाटलीत कोंबलेली किंवा आठवडाभर तशीच पडून राहिलेली गाठ आतून कुजते नाहीतर तिच्यातला डीएनए तुटतो. मग मुंबईतले सर्वांत महागडे यंत्रही तिच्यातून काही वाचू शकत नाही. म्हणजे जनुकीय निदानाची पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळच आहे, आणि त्या पायरीचा खर्च जिल्हा रुग्णालयाला न झेपण्यासारखा नाही.

आणखी एक भीती घरात बोलली जाते, बाहेर नाही: ‘जनुकीय’ म्हटले की आजार घराण्यात आहे असे लोक समजतील आणि मुलीचे लग्न अडेल. गाठीतले हे बिघाड बहुतेक वेळा त्या पेशींत आयुष्यात पुढे घडलेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत. हे डॉक्टरांनी न विचारता सांगायला हवे. नमुन्याची माहिती कोण, कशासाठी वापरणार, हेही लेखी द्यायला हवे.

बीडमध्ये वेळेचे गणितही निराळे आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते आणि हंगाम संपल्यावरच परतते. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले तर रुग्ण तोपर्यंत सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतो. म्हणून गाठ काढतानाच दोन फोन नंबर आणि कारखान्याचे नाव लिहून घ्यावे, गाठीचा पॅराफिनमध्ये जतन केलेला ब्लॉक रुग्णाला मागताक्षणी मिळावा आणि अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयातून तो टाटा मेमोरियलपर्यंत जाण्याची ठरलेली, विनाशुल्क वाट असावी. फिश चाचणीचा खर्च सरकारी आरोग्य योजनेने नुसत्या केमोसोबत नव्हे, केमोच्या आधी उचलावा.