व्यासपीठावर जागा

वॉशिंग्टनचा १९६३ चा मोर्चा म्हटले की मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. पण अडीच लाखांच्या त्या मोर्चाचा सगळा बंदोबस्त पाहणारे बायर्ड रस्टिन कितीजणांना ठाऊक आहेत? ते समलिंगी होते. म्हणून पुढाऱ्यांना त्यांचे नाव प्रमुख म्हणून नको होते. एका सिनेटरने तर भर सभागृहात त्यांची बदनामी केली. कामगार पुढारी फिलिप रँडॉल्फ मात्र पाठीशी ठाम राहिले.

पुढे काळ्या समलिंगी स्त्री-पुरुषांनी स्वतःच्या संघटना बांधल्या. गोऱ्या समलिंगींत रंग आडवा येई आणि स्वकीयांत लाज! १९७४ साली बोस्टनच्या स्त्रियांनी 'कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह' काढले. त्या नदीकाठी १८६३ साली हॅरिएट टबमन यांनी सातशेवर गुलाम सोडवले होते. नाव ठेवावे तर असे! १९७८ साली देशपातळीवर संघटना झाली.

१९८३ साली मोर्चाला वीस वर्षे झाली. स्मरणसभेत समलिंगी वक्ता असावा, ही मागणी संयोजकांनी नाकारली. कार्यकर्त्यांनी एका संयोजकाच्या कचेरीत ठिय्या दिला, अटक करवून घेतली. मग कुठे कवयित्री ऑड्री लॉर्ड यांना मोजकी मिनिटे मिळाली, त्याच लिंकन स्मारकापुढे.