राख, वाळू आणि आपला स्लॅब

गंगाखेड मागे टाकून परळी जवळ आली, की औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात. वीज दूरदूरच्या घरांत पोहोचते. राख मात्र तिथल्याच गावांच्या वाट्याला येते. इकडे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून वाहणाऱ्या गोदावरीचे पात्र वाळूसाठी वर्षानुवर्षे खरवडले जात आहे. एकीकडे नकोशा वस्तूचे डोंगर, तर दुसरीकडे हव्याशा वस्तूपायी पडलेले खड्डे! या दोहोंचा हिशेब अखेर जुळतो तो आपल्या घराच्या स्लॅबमध्ये.

सिमेंटचा मूळ घटक म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजून तो तयार होतो. भट्टीच्या कोळशाचा धूर निघतोच. पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तेवढ्याने भागत नाही. माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा क्लिंकर कमी वापरणे, हाच खरा उपाय.

हा उपाय नवा नाही. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालत. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतील सिलिका एकजीव होते आणि काँक्रीट अधिक घट्ट बनते. भारतीय मानकांनुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. तरीही "राखेचे सिमेंट म्हणजे भेसळ" हा समज अजून गेलेला नाही. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश बळ धरते, एवढाच त्याचा दोष. म्हणून सेंट्रिंग काढण्याची घाई करू नये. मात्र राख म्हणजे कोणतीही राख नव्हे. वीज केंद्राच्या धुरातून कोरडी गोळा केलेली बारीक राख वेगळी आणि तळ्यात सोडलेली ओली, भरड राख वेगळी. दुसरी विटांना, भरावाला चालेल. ती घमेल्याने स्लॅबच्या मालात टाकणे म्हणजे घराशी खेळ आहे.

खरी गफलत होते ती पाण्यात. माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीमागून बादली ओतली जाते. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते. त्याहून जास्त ओतलेले पाणी उडून जाते, मागे छिद्रे ठेवते. मग ताकद भरून काढायला आणखी सिमेंट लागते. उलट स्लॅब टाकल्यावर जिथे पाणी हवे, तिथे आपण हात आखडतो. उष्ण, कोरड्या हवेत राखेच्या सिमेंटला चौदा दिवस ओलावा द्यावा, अशी मानकांची शिफारस आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ते पाणी आणायचे कोठून? २०१६ साली शेजारच्या लातूरला पाणी रेल्वेने आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच वाफे करून पाणी साठवण्यापेक्षा ओले गोणपाट अंथरणे, शक्य असेल तर स्लॅबचे काम उन्हाळ्याबाहेर नेणे, हे शहाणपण आहे.

वाळूचेही तेच. आपला सारा मुलूख काळ्या बेसाल्टचा. त्याची नीट चाळलेली कृत्रिम वाळू २०१६ च्या मानकाने काँक्रीटसाठी मान्य केली. २०२५ मध्ये राज्य शासनाने तिचे धोरणही आणले. परंतु खडी केंद्रावरची उरलेली भुकटी म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे. तिच्यात धूळ जास्त असते, ती पाणी अधिक पिते.

हे सारे घरकुलाच्या लाभार्थ्याने एकट्याने कसे तपासावे? मिश्रणाचे प्रमाण ठरवून देणे, वाळू आणि राख तपासणे, काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहणे, ही कामे तालुक्याच्या पातळीवर माफक दरात व्हायला हवीत. बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या शाळा, पूल, रस्ते यांपासून सुरुवात करावी. लोक आपोआप मागे येतील. तीस वर्षांत गळणारा स्लॅब पाडून पुन्हा बांधावा लागला, तर तेवढेच सिमेंट, तेवढीच वाळू दुसऱ्यांदा खर्ची पडते. गोदावरीवर आणि गरिबाच्या खिशावर तो भार दुसऱ्यांदा टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.