उरलेल्या वेळेतले लेखन?

"कविता कसल्या लिहीत बसता, सर? त्यापेक्षा एक जपमाळ जास्त म्हणा." शाळेत शिकवणाऱ्या आणि थोडेफार लिहिणाऱ्या कॅथलिक माणसाला आपल्या धर्मग्रामात हा उपदेश कधी ना कधी ऐकावा लागतोच. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यामागची समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती खोडून काढणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

भक्ती देवासाठी, अध्यापन पोटासाठी आणि लेखन हौसेसाठी, अशी ही समजूत आहे. ही वाटणी एकदा मान्य केली, की कवितेला दिलेला प्रत्येक तास देवाकडून चोरलेला ठरतो.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्रज कवीने या वाटणीची किंमत मोजली. १८६८ साली येशूसंघात प्रवेश करण्यापूर्वी त्याने आपल्या कविता जाळल्या. कविता पाचारणाच्या आड येईल, अशी त्याला भीती होती. पुढे सात वर्षे तो जवळजवळ मूक राहिला. १८७५ च्या डिसेंबरात एका जहाजाला अपघात होऊन पाच धर्मभगिनी बुडाल्या. त्यांच्यावर कोणीतरी कविता लिहावी, असे वरिष्ठ सहज बोलून गेले आणि तेवढ्या शब्दावर कवी पुन्हा लिहू लागला. वरिष्ठांचा एक शब्द किती मोलाचा असतो, हे आम्हां धर्मगुरूंनी यावरून ओळखावे.

आपल्या भाषेत तर याहून मोठा दाखला आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टीत त्यांनी धर्मसेवा केली, इथल्या बोलीचे व्याकरण रचले आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांचे काव्य हेच लोकांना दिलेले धर्मशिक्षण होते. त्यात भक्ती कुठे संपते आणि अध्यापन कुठे सुरू होते, हे कोणी दाखवून द्यावे!

पोप फ्रान्सिस तरुणपणी, १९६४-६५ साली, अर्जेंटिनातील एका येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत असत. जुलै २०२४ मध्ये त्यांनी साहित्यवाचनावर खास पत्र लिहिले आणि साहित्याला निव्वळ करमणूक मानणाऱ्या गुरुविद्यालयांविषयी खंत व्यक्त केली.

दोष आमच्याही पदरी आहे. सणाचे नाटक, स्मरणिकेचा मजकूर, मानपत्र, निरोपाची कविता हे सारे आम्ही त्याच शिक्षिकेकडून रातोरात लिहून घेतो. ती दिवसभर वर्ग सांभाळून, रात्री उत्तरपत्रिका बाजूला सारून ते लिहून देते. तिने स्वतःच्या कथेसाठी एखादी बैठक चुकवली, की मात्र तिची भक्ती आम्हांला कमी वाटू लागते!

यावर कोणी विचारील, मग लेखकाने मिस्सेला येऊ नये काय? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. 'लेखन हीच माझी प्रार्थना' म्हणून प्रार्थनेला रजा देणारा लेखक आम्हांला मान्य नाही. प्रार्थनेत मन एकाग्र करण्याची सवय ज्याला लागली, तोच शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष देतो आणि तोच लिहिताना खोटा शब्द खोडतो. तिन्ही ठिकाणी साधना एकच आहे.

दाखल्यातील चाकराने धन्याचे धन चोरले नव्हते. जपून ठेवण्यासाठी जमिनीत पुरले होते. तरीही धन्याने त्याला खडसावले. आपली मुले आज इंग्रजी शाळांत जात आहेत. आपल्या घरांतली सुखदुःखे मराठीत लिहिणारे हात मोजकेच उरले आहेत. तेव्हा कुटुंबीयांनी अशा माणसाला रोज एक निवांत तास द्यावा आणि आम्ही धर्मगुरूंनी त्याची एक बैठक कमी करावी. त्या तासाचा हिशेब देव त्याच्याकडे मागेल. तो तास हिरावून घेतल्याचा हिशेब मात्र आपल्याला द्यावा लागेल.