आचारी, आचार्य आणि दोन बिऱ्हाडे

परवा आमच्या महाविद्यालयाच्या फळ्यावर सूचना लागली : 'आचार्यांना दिवाळीची बक्षिसी शनिवारी दुपारी वाटण्यात येईल.' आम्ही प्राध्यापक मंडळी हरखून गेलो. शनिवारी कळले, की बक्षिसी होती वसतिगृहातल्या आचाऱ्यांची! कारकुनाला जाब विचारला, तर तो म्हणाला, "सर, त्या जुन्या यंत्रावर अर्धा र य ला चिकटतच नाही. पाय मोडून बाजूला उभा राहतो. म्हटलं, देऊन टाकू रफार."

घरी हे सांगताच सौभाग्यवती पोट धरून हसल्या. संगणकाच्या व्यवसायातला आमचा भाचा मात्र गंभीर झाला. "मामा, तुमचा तो र नीट जोडायला दोन भांडखोर घरांना एकत्र यावं लागलंय!"

त्याने सांगितलेली हकीकत अशी. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली. तिची घडण कोणीही उघडून पाहावी, सुधारावी, शेजाऱ्याला फुकट द्यावी. पण सामान्य माणसाला रुचेल असे दर्शनी दालन, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, याद्या, चित्रे यांचा मेळ, तिला नव्हता. ते बांधण्यासाठी १९९६ च्या ऑक्टोबरात माटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने चार माणसांना हाक घातली. त्या घराचे नाव केडीई. विटा मात्र त्याने घेतल्या नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या. नाव क्यूटी. विटा फुकट, परंतु त्या फोडून, नव्या घडवून वाटण्याची मुभा नाही. झाले! सोवळे मोडले. १९९७ च्या ऑगस्टात मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी वेगळी चूल मांडली. तिचे नाव ग्नोम.

संस्था काढणे आणि ती फोडणे यांत आपला हात धरणारे जगात कोणी नाही, असा माझा समज होता. तो गेला.

पुढे १९९८ मध्ये ट्रोलटेकने केडीईशी करार केला, की आम्ही फुकट विटा बंद केल्या, तर त्या सर्वांना मोकळ्या करण्याचा हक्क तुमचा. २००० च्या सप्टेंबरात तर क्यूटी खऱ्या अर्थाने मुक्त झाली. भांडणाचे कारण संपले. चुली दोनच राहिल्या. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २००५ मध्ये ग्नोमकारांना चारचौघांत झोडपले आणि लोकांना केडीई वापरायला सांगितले. २००९ मध्ये स्वतःच केडीईच्या नव्या अवताराला कंटाळून तो ग्नोमकडे गेला. मोठ्या माणसांचे असेच असते.

मला ग्नोमची बाजू पटते. तो सोवळेपणा झाला नसता, तर कंपनीला विटा मोकळ्या करण्याची निकड भासली असती, असे मला वाटत नाही.

परंतु या फुटीचा भुर्दंड पडला आपल्यासारख्यांना. अक्षरे जुळविणे म्हणजे इंग्रजीत एकापुढे एक ठेवणे. आपल्याकडे वेलांटी आधी दिसते, उच्चारात मागून येते. क आणि ष मिळून तिसरेच रूप धरतात. हे जुळविणारे काम दोन्ही घरांनी फ्रीटाइप नावाच्या एकाच प्रकल्पातून उचलले आणि आपापल्या माजघरात वेगवेगळे दुरुस्त करीत बसले. एका घरी केलेली दुरुस्ती दुसऱ्या घरी आपोआप पोचत नसे. पुन्हा तीच मेहनत!

२००० मध्ये ग्नोमच्याच हॅवक पेनिंग्टनने फ्रीडेस्कटॉप हा सामाईक ओटा घातला होता. घरे वेगळी असोत, निदान एकीकडचा मजकूर दुसरीकडे चिकटवता यावा. पुढे त्याच ओट्यावर अक्षरजुळणीचे दोन्ही भाग एकत्र आले. नाव पडले हार्फबझ. हे मूळ फारसी : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. आपल्या 'हरफ' शब्दाचाच हा सख्खा भाऊ! आज हेच जुळणीयंत्र फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांतही आहे. २००९ मध्ये दोन्ही घरांनी ग्रान कनारिया बेटावर आपली संमेलनेही एकत्र भरविली. त्यानंतर २०११ मध्ये बर्लिनला.

"मग एकच घर का नाही केलं?" मी विचारले.

"मामा, तुम्ही आणि काका एका वाड्यात का राहत नाही?" भाचा म्हणाला. आतून सौभाग्यवतींचे हसणे ऐकू आले.

रविवारी त्याने कारकुनाच्या यंत्रावर नवी प्रणाली घालून दिली. सोमवारी फळ्यावर 'आचाऱ्यांना' झळकले. वसतिगृहाच्या थोरल्या आचाऱ्याने ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे संशयाने पाहत विचारले, "सर, शनिवारी तुमच्यापैकी कोणी घेऊन गेलं नाही ना?"