पेढीतील तारेचा पीळ
अप्पा बळवंत चौकातील एखाद्या लहानशा पुस्तकांच्या पेढीत गल्ल्यावरचा, हिशेबनिसाच्या मेजावरचा आणि माळ्यावरचा असे तीन संगणक परस्परांशी जोडावयाचे झाले म्हणजे मालक प्रथम संगणकांच्या किमतीची चौकशी करतो. परंतु माझ्या मते, ज्या केबलवर हा सारा कारभार विसंबून राहावयाचा, तिच्याकडे त्याने आधी लक्ष पुरवावे. तीत तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांनी पिळून बसविलेल्या असतात, आणि बाहेरचा विद्युत् उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडून निष्प्रभ व्हावा, हाच त्या पिळाचा हेतू असल्यामुळे, टोकाशी तो गरजेपेक्षा अधिक उलगडणे किंवा केबल विजेच्या तारांना खेटून नेणे म्हणजे त्या योजनेवर पाणी फिरविणे होय. सलग पल्ल्याची मर्यादा १०० मीटरची. दुकानाला ती पुष्कळ झाली.