प्रयोगशाळेचा आकडा किती खरा?



वजनकाट्यावर आपणा सर्वांची नजर असते, आणि ती असलीच पाहिजे. पण काट्याच्या पुढे, प्रयोगशाळेत रोज जे आकडे निघतात, त्यांच्याकडे आपण फारसे बघत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा कुठे गळतो ते प्रयोगशाळाच सांगते. मग तिचा आकडा किती खरा, हे विचारायला नको का?

आपल्याकडे साखर मोजतात ती 'पोल'वर. द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि तो किती वळतो ते पाहायचे. पण प्रकाश काही एकटी साखर वळवीत नाही. मळीतले फ्रुक्टोज तो उलट्या बाजूला वळवते. त्यामुळे मळीत साखर जास्त जात असली तरी पोल कमी दाखवतो. तोडून पडलेल्या शिळ्या उसात डेक्स्ट्रान तयार होते, ते रसाचा पोल उगीच फुगवते.

वैतरणा ओलांडून उत्तरेला गेले की बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या औषध कारखान्यांत क्रोमॅटोग्राफ वापरतात. हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करते आणि आलेखावर प्रत्येकाचा वेगळा उंचवटा काढते. साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज अशीच वेगळी मोजता येतात.

पण यंत्र भारी म्हणून आकडा पक्का, असेही नाही. आलेखाची पायरेषा सतत थरथरते, आणि उंचवटा लहान असला तर तो त्या थरथरीतच हरवतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणित मांडले. त्याचे सार एवढेच, की शंका जितकी कमी झाली तितकी माहिती मिळाली. त्याच धाग्यावर जपानच्या हायाशी आणि मात्सुदा यांनी 'फुमी' सिद्धांत बसवला. एरवी तोच नमुना पाच-सहा वेळा तपासून आकड्यातला फरक काढतात. इथे थरथर आणि उंचवट्याचा आकार यांवरूनच तो काढता येतो. २०१२ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकातही आली.

आमचे मत साधे आहे. पोल चालू राहू द्या, तो स्वस्त आणि झटपट आहे. पण हंगामात ठरावीक दिवशी मळीचा नमुना बाहेर क्रोमॅटोग्राफवर तपासून घ्यावा. आणि वार्षिक अहवालात आकड्यापुढे 'अधिक-उणे किती' हेही छापावे. दशांशापुढे दोन अंक छापले म्हणून आकडा खरा होत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी हा प्रश्न जरूर विचारावा.