नमुना लेखन जोडा



दिवाळीच्या सुट्टीत एक पालक घरी आले. तालुक्याच्या गावी त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांची मुलगी तिसरी-चौथीला माझ्या वर्गात होती, आता दहावीत आहे. चहा व्हायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे बघा. पुण्याच्या मेहुण्यांनी पाठवलंय. पोरीला लिहायची आवड आहे ना. एफडी मोडावी म्हणतोय. पाठवू का?"

मोबाईलवर जाहिरात होती. जुनी दगडी इमारत, समोर हिरवळ, हिरवळीवर वही घेऊन बसलेली मुलं-मुली. किशोरवयीन मुलांसाठी परदेशात दोन आठवड्यांचा उन्हाळी लेखनवर्ग. फी पौंडांत. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, वरखर्च असं आम्ही कागदावर मांडत गेलो, तेव्हा आकडा काही लाखांवर गेला. मुलगी शेजारी गप्प बसली होती.

मला त्या दिवशी हो किंवा नाही म्हणता आलं नाही. मी प्राथमिकची शिक्षिका, डी.एड. झालेली. परदेशातल्या लेखनवर्गांचं मला काय कळणार? पण सुट्टी होती, म्हणून शोधायला बसले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याकडेही येणार आहे. अशा जाहिराती आता लहान गावांतल्या मोबाईलवरही पोचतात.

पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. ऑक्सफर्ड, केंब्रिज अशी नावं दाखवणारे अनेक उन्हाळी वर्ग त्या विद्यापीठांचे नसतातच. तिथले विद्यार्थी सुट्टीत घरी गेले की कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या होतात. खाजगी कंपन्या त्या भाड्याने घेऊन वर्ग चालवतात. वर्ग वाईटच असतो असं नाही, पण प्रमाणपत्र कंपनीचं असतं आणि पुढे त्या विद्यापीठात प्रवेश घेताना त्याला वजन मिळेल असं समजू नका. म्हणून पैसे भरायच्या आधी पत्र लिहून विचारा: वर्ग नेमका कोण चालवतं, शिकवणारे लेखक कोण, एका गटात मुलं किती, दिवसातले किती तास खरोखर लेखनाचे आणि किती सहलीचे, रात्री वसतिगृहात जबाबदार माणूस कोण असतं, आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

दुसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपली उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात. तिकडचे उन्हाळी वर्ग बहुतेक जून-जुलैमध्ये. त्या वेळी आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात. दहावी झालेल्या मुलांच्या तर अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, आणि आता हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत. फेरी लागली, मुदतीत कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायचा आहे, आणि मूल सातासमुद्रापार. हे आधी बघा.

आता चांगल्या वर्गांबद्दल, कारण ते खरंच चांगले आहेत.

अमेरिकेत आयोवा नावाचं एक राज्य आहे. मक्याचं राज्य म्हणून ओळखलं जाणारं, म्हणजे बऱ्यापैकी आपल्यासारखंच, शेतीवाल्यांचं. तिथल्या विद्यापीठात १९३६ पासून लेखन-कार्यशाळा चालते. १९६७ मध्ये त्याच विद्यापीठात जगभरच्या लेखकांना बोलावणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात या उपक्रमात जाऊन राहिले होते, म्हणून मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नाही. युनेस्कोने २००८ मध्ये आयोवा शहराला साहित्यनगरीचा मान दिला. (आपल्या देशात तो मान २०२३ मध्ये केरळातल्या कोळिकोडला मिळाला.) या विद्यापीठात शाळकरी मुलांसाठीही दोन आठवड्यांचा उन्हाळी निवासी वर्ग असतो, आणि तिथे निवड करताना गुणपत्रिकेच्या टक्क्यांपेक्षा मुलाने स्वतः लिहिलेली पानं बघितली जातात.

तिथे शिकवतात कसं, हे वाचताना मी शिक्षिका म्हणून पुढे सरकून बसले. दहा-बारा मुलं टेबलाभोवती गोल बसतात. एकाने लिहिलेला कच्चा खर्डा आदल्या दिवशी सगळ्यांना दिलेला असतो. सगळे तो वाचून, समासात खुणा करून येतात. मग चर्चा. आणि ज्याचं लेखन आहे त्याने त्या वेळी गप्प बसायचं! समर्थन नाही, खुलासा नाही. लोकांना काय पोचलं आणि काय नाही, ते नुसतं ऐकायचं. शेवटी त्याने प्रश्न विचारायचे, आणि घरी जाऊन पुन्हा लिहायचं. (हा गप्प बसण्याचा नियम तिथल्या बऱ्याच शिक्षकांना अलीकडे जाचक वाटतो आणि ते लेखकाला बोलू देतात. मलाही तेच बरं वाटतं.) एवढंच. यात दगडी इमारत कुठेच लागत नाही.

आपल्याकडे दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन असतं, आत्मकथन असतं, वैचारिक लेखन असतं. नावं किती छान आहेत बघा! पण मुलं ते गाईडमधून पाठ करतात आणि आपण पाठ केलेल्याला पूर्ण गुण देतो. पुन्हा लिहिणं म्हणजे आपल्याकडे शिक्षा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहा.

त्या मुलीचं काय झालं ते सांगते. आम्ही तिघं मिळून तिच्यासाठी एका वर्गाचा अर्ज बघत होतो. त्यात एक ओळ होती, नमुना लेखन जोडा. वडील उत्साहाने म्हणाले, "आहे की! हिला निबंधाला बक्षीस मिळालंय." तिने बक्षीस मिळालेला निबंध आणला. प्रदूषणावरचा होता. मी वाचला. तो निबंध मी आधी किमान वीस मुलांच्या वहीत वाचलेला आहे, तुम्हीही वाचलेला आहे. दहा वर्षं शाळेत लिहीत असलेल्या या हुशार मुलीकडे स्वतःचं म्हणावं असं एक पान नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक आहे. पण ते असंच आहे."

गणिताच्या वहीची मागची पानं. तिची आजी दर सोमवारी फाट्यावर जाऊन येष्टीची वाट बघत उभी राहते. आत्या येईल म्हणून. आत्या येत नाही. कंडक्टर आता आजीला ओळखायला लागलाय. गाडी थांबते, तो दारातून वाकतो आणि म्हणतो, "आज बी न्हाय, आजी." गाडी निघून जाते. दीड पान. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, मध्येच एक गणितही सोडवलेलं आहे. पण मी वाचून थांबले.

ती हसत म्हणाली, "मी हे चौथीत पण लिहिलं होतं. माझी आजी निबंधात. तुम्ही खाली लिहिलं होतं, विषयाला धरून लिही."

लाल शाईने लिहिलं असणार. मला आठवत नाही, तिला आठवतं. तेव्हा मला 'माझी आजी खूप प्रेमळ आहे, ती मला गोष्टी सांगते' असं हवं होतं. फाटा, येष्टी आणि न आलेली आत्या मला विषयाबाहेरची वाटली. हे लिहायला मला सोपं जात नाहीये, पण इथे आपण शिक्षकच एकमेकांशी बोलतोय, म्हणून लिहिते.

अर्ज इंग्रजीत, नमुनाही इंग्रजीत हवा. वडील म्हणाले, मॅडम, तुम्ही करून द्या. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, तरी मी आणि मुलगी दोन दिवस बसलो. येष्टीची बस झाली. फाट्याला शब्द सापडेना. आणि कंडक्टरचं ते वाक्य इंग्रजीत अर्थाला बरोबर आलं, पण मुलगी वाचून म्हणाली, "मॅडम, हा कंडक्टर आपल्या गाडीतला वाटत नाहीये."

याच सुमारास मला आयोवाच्याच आणखी एका उपक्रमाची माहिती मिळाली आणि माझा सगळा विचार फिरला. त्यांनी २००८ पासून परदेशी किशोरांसाठी एक उन्हाळी लेखनवर्ग चालवला. सुरुवात अरबी बोलणाऱ्या मुलांपासून झाली, पुढे रशियन बोलणारी मुलं आली, अमेरिकन मुलंही सोबत होती. बाहेरून येणाऱ्या मुलांचा खर्च त्यांचं सरकार करायचं. आणि तिथे अरबी मुलं कथा-कविता लिहायची ती अरबीत, त्यांच्या भाषेतल्या लेखकाच्या हाताखाली. इंग्रजी होती ती एकत्र वाचायला, एकमेकांशी बोलायला. अमेरिकेत नेऊन मुलांना त्यांच्या आईच्या भाषेत लिहायला बसवत होते! आपण मात्र लाखो रुपये भरून मुलीला तिची आजी इंग्रजीत लिहायला पाठवणार. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने अनुदान काढून घेतलं आणि तो उन्हाळी वर्ग रद्द करावा लागला. चांगल्या गोष्टी तिकडेही बंद पडतात.

मी परदेशी जाण्याच्या विरोधात नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आपल्यासारखंच लिहिण्याचं वेड असलेली, वेगळ्या देशाची मुलं भेटणं, आपलं गाव त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागणं, यातून मूल बदलतं. ते मी माझ्या वर्गात देऊ शकत नाही. शिष्यवृत्ती मिळत असेल, मुलाला इंग्रजीत लिहिताना दम लागत नसेल, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे आधीच स्वतःची पानं असतील, तर जरूर पाठवा. माझं म्हणणं आहे ते एफडीबद्दल. दोन आठवड्यांत मूल लेखक होईल या आशेवर ती मोडू नका. गोल बसून एकमेकांचं वाचणं आपल्या ओसरीवर फुकट होतं.

फुकट होतं, पण सोपं नाही, हेही सांगते. दिवाळीनंतर मी माझ्या चौथीच्या वर्गात शनिवारी प्रयोग केला. १९ मुलं, दोन गोल. पहिला शनिवार पूर्ण फसला. एकाने वाचलं की बाकीचे ओरडायचे, "बाई, पहिली वेलांटी दिली!" "बाई, पूर्णविराम नाही!" मला राग आला, मग लक्षात आलं की ही मुलं हुबेहूब माझी नक्कल करतायत. मी त्यांच्या वह्यांमध्ये हेच करत आले आहे. पुढच्या शनिवारी नियम केला. गोलात शुद्धलेखनावर बोलायचं नाही, ते सोमवारी. गोलात फक्त दोनच गोष्टी सांगायच्या: तुला काय दिसलं, आणि तुला अजून काय विचारायचं आहे.

एका मुलाने घरची म्हैस विकली त्यावर पाच ओळी लिहिल्या होत्या. म्हैस उपयुक्त प्राणी आहे इथपासून सुरुवात. एका मुलीने विचारलं, "तिचं नाव काय होतं?" तो म्हणाला, "चंद्री. पण निबंधात नाव नसतं लिहायचं." दुसऱ्याने विचारलं, "नेताना ती ओरडली का?" तो बराच वेळ गप्प. सोमवारी त्याने पुन्हा लिहून आणलं. उपयुक्त प्राणी गेला होता. चंद्री आली होती, टेम्पो आला होता, आणि गोठ्यात खुंटीला राहिलेली दोरी होती. वेलांट्या अजून चुकलेल्याच आहेत. बघू.

शिक्षकांनो, आपल्याकडे असं लेखन पाठवायला जागाही आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्यात मुलांचं लेखन छापतात. पण पाठवताना आपण 'सुधारून' देतो, तो मोह आवरा. मला अजून पूर्ण आवरत नाही.

दुकानवाल्या पालकांना मी शेवटी सांगितलं की यंदा नको. दहावी होऊ द्या. अकरावी-बारावीत तिच्याकडे वीस-तीस पानं झाली, तर आपण शिष्यवृत्ती असलेले वर्ग शोधू, अर्जाला मी बसते. ते जरा हिरमुसले. मेहुण्यांना काय सांगायचं, असं म्हणाले. एफडी तूर्त तशीच आहे. मुलगी मात्र एक रविवार आड येते, येताना दोन मैत्रिणींना घेऊन येते, आणि आम्ही चौघी गोल बसतो. अभ्यास बुडत नाही ना, हे तिची आई फोन करून विचारते, तेही बरोबरच आहे.

गेल्या रविवारी तिने आजीचं चौथ्यांदा लिहून आणलं. या खेपेला कंडक्टरचं वाक्य तिने काढूनच टाकलंय. गाडी थांबते, तो दारातून वाकतो, नुसता हात हलवतो. मैत्रिणी भांडल्या तिच्याशी, तेच तर भारी होतं म्हणाल्या. मीही विचारलं, का काढलंस?

"आजीला कळतं ना, मॅडम," ती म्हणाली, "त्याने बोलायच्या आधीच."